भिंती व स्लॅबमधील पोकळ्यांचे समन्वयन आणि इमारत माहिती प्रतिमान : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

इमारतीच्या भिंती व स्लॅबमधून जाणारे नळ, वाहिन्या व वायुमार्ग यांच्यासाठी ठेवावयाच्या पोकळ्यांचा निर्णय बांधकामापूर्वी व्हावा, यासाठी इमारत माहिती प्रतिमान म्हणजेच 'बिम' ही संगणकीय पद्धती उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात या समन्वयनाची कार्यपद्धती, तिच्यातील उणिवा आणि १९९३ च्या भूकंपाचा अनुभव घेतलेल्या धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पोकळी, समन्वयन, इमारत माहिती प्रतिमान, आयएफसी, लिंटेल पट्टा, भूकंपरोधक बांधकाम.

१. प्रस्तावना

कोणतीही इमारत केवळ स्तंभ, भिंती आणि छत उभे केल्याने राहण्यायोग्य होत नाही. पाणी आत आणावे लागते, सांडपाणी बाहेर न्यावे लागते, वीज खोल्याखोल्यांत पोहोचवावी लागते आणि हवा खेळती ठेवावी लागते. या प्रत्येक गरजेसाठी भिंतीला किंवा स्लॅबला कोठे ना कोठे पोकळी ठेवणे भाग असते. भिंतीचा आराखडा वास्तुविशारद करतो, सळईचा हिशेब संरचना अभियंता करतो आणि नळांचा व वाहिन्यांचा मार्ग सेवा-यंत्रणांचा अभियंता ठरवतो. या तिघांच्या कामाची गाठ ज्या ठिकाणी पडते ते ठिकाण म्हणजे पोकळी होय.

ही गाठ कागदावर किंवा संगणकावर पडली नाही, तर ती प्रत्यक्ष बांधकामावर पडते. तेथे तिचा निकाल बहुधा छन्नी-हातोड्याने किंवा कोर कटिंगच्या यंत्राने लावला जातो. स्लॅब घट्ट झाल्यावर प्लंबर येतो, त्याला हवी ती जागा मोकळी नसते, मग काँक्रीट फोडले जाते आणि आड येणारी सळई कापली जाते. गिलावा झाल्यानंतर या कापलेल्या सळईचा मागमूसही राहत नाही. म्हणूनच पोकळीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तो इमारतीच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नास विशेष अर्थ आहे. भिंतीची रचना चुकली असता काय घडते, हे या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पाहिले आहे.

२. पोकळीचा पारंपरिक विचार

मराठवाड्यातील जुने घर खणांच्या हिशेबाने बांधले जाई. लाकडी खांब व तुळयांवर मातीचे जाड माळवद आणि सभोवती दगडमातीच्या रुंद भिंती, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असे. या घरात पोकळ्या मोजक्याच असत. भिंतीत कोनाडा व देवळी, न्हाणीघराची मोरी आणि माळवदात उजेडासाठी व धूर जाण्यासाठी ठेवलेले साणे. साणे कोठे ठेवावयाचे हे माळवद घालण्यापूर्वीच ठरत असे, कारण त्याची जागा खालच्या लाकडांच्या मांडणीवर अवलंबून असे. लाकूड टाकणारा सुतार आणि माती पसरणारा गडी यांच्यात समन्वय साधण्यासाठी नकाशाची गरज नव्हती. घर लहान होते आणि ते बांधणारी माणसे एकाच ठिकाणी उभी असत.

मोठ्या बांधकामातील नियोजनाचे उदाहरण जिल्ह्यातच नळदुर्ग येथे आहे. बोरी नदीवरील तेथील दगडी बंधारा इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला गेला. या बंधाऱ्याच्या अंगातच पाणीमहाल आहे. बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना आतील दालनात उभे राहून ते पाहता येते. पाणी वाहून जाण्याचे दोन मार्ग नर व मादी या नावांनी ओळखले जातात. पाण्याचा भार पेलणाऱ्या भिंतीत दालन, जिना, गवाक्षे व सांडवे यांच्यासाठी जागा मोकळी ठेवावयाची असेल, तर ती दगड रचतानाच ठेवावी लागते. बंधारा पुरा झाल्यावर अशी पोकळी कोरून काढणे धोक्याचे ठरले असते. पोकळी ही भिंतीबरोबरच आखावी लागते, हे तत्त्व येथे दगडात दिसते.

३. १९९३ चा भूकंप आणि भिंतीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमाभागात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि सध्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर ही गावे सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होत. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

घरे कोसळण्याचे मुख्य कारण पोकळ्या हे नव्हते, ही बाब येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जाड भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते, मातीच्या चुन्यात पकड नव्हती आणि वर माळवदाचा प्रचंड भार होता. त्यामुळे भिंतीचे थर सुटले आणि ढिगारा झोपलेल्या माणसांवर आला. मात्र यातून निघणारा निष्कर्ष पोकळ्यांनाही लागू पडतो. भिंतीचे बळ तिच्या जाडीत नसून तिच्या अखंडतेत असते. ही अखंडता जेथे खंडित होते, तेथे ती जाणीवपूर्वक पुन्हा जोडावी लागते.

दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या तंत्रात या विचाराचे सूक्ष्म रूप आढळते. आयएस १३९३५ या मानकात दगडी भिंतीचे दोन थर एकत्र बांधण्यासाठी भिंतीत आरपार छिद्र करून त्यात सळईसह काँक्रीट भरण्याची पद्धत दिली आहे. ही छिद्रे आडव्या व उभ्या दिशेने सुमारे एक मीटर अंतरावर घ्यावयाची असतात. ती समोरासमोर न घेता अर्धा मीटर सरकवून घ्यावयाची असतात. दगड घाव घालून फोडावयाचा नसतो. भोवतालचा गारा हळुवार काढून, लहान पहारीने दगड थोडा थोडा हलवून, शेजारचे दगड न दुखावता तो बाहेर घ्यावयाचा असतो. भिंत मजबूत करण्यासाठीही छिद्र पाडावे लागते, पण ते कोठे, केवढे व कसे हे आधी ठरलेले असते.

४. मानकांतील मर्यादा आणि बेरजेचा प्रश्न

भूकंपाच्या वेळी हा प्रदेश तत्कालीन नकाशात सर्वांत कमी जोखमीच्या पहिल्या विभागात गणला जात होता. आयएस १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत पहिला विभाग रद्द करण्यात आला व किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. भार पेलणाऱ्या भिंतींच्या इमारतींसाठी आयएस ४३२६ : १९९३ या मानकात पोकळ्यांविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. पोकळी शक्यतो लहान व भिंतीच्या मध्यभागी असावी. एका मजल्यावरील सर्व पोकळ्यांचे माथे शक्यतो एकाच पातळीवर असावेत, म्हणजे त्यांच्यावरून अखंड लिंटेल पट्टा नेता येतो. एकावर एक असलेल्या दोन पोकळ्यांमध्ये किमान ६०० मिलिमीटर उभे अंतर असावे. भिंतीतील पोकळ्यांच्या एकूण लांबीचे भिंतीच्या लांबीशी असलेले प्रमाण इमारतीच्या वर्गानुसार एक मजली इमारतीत ०.५० ते ०.६०, दोन मजली इमारतीत ०.४२ ते ०.५० आणि तीन किंवा चार मजली इमारतीत ०.३३ ते ०.४२ यांपेक्षा अधिक नसावे. या मर्यादा पाळता येत नसतील तर पोकळीभोवती प्रबलित काँक्रीटचे अस्तर किंवा उभ्या सळया देऊन भिंत मजबूत करावी लागते.

या नियमांतील महत्त्वाची गोष्ट अशी की, ही मर्यादा बेरजेची आहे. एक उदाहरण घेऊ. एक मजली इमारतीत दोन आडभिंतींमधील भिंत ४ मीटर लांबीची आहे आणि तिला ०.५० ही सर्वांत कडक मर्यादा लागू आहे. वास्तुविशारदाने १ मीटरचे दार व ०.९ मीटरची खिडकी ठेवली. बेरीज १.९ मीटर आणि प्रमाण ०.४७५. येथवर भिंत नियमात बसते. पुढे विजेच्या कामासाठी मीटरपेटीची व वाहिन्यांची मिळून ०.४५ मीटरची पोकळी त्याच भिंतीत घेतली गेली. आता बेरीज २.३५ मीटर आणि प्रमाण सुमारे ०.५९ झाले. वास्तुविशारदाने चूक केली नाही आणि वीज कंत्राटदारानेही आपल्या दृष्टीने लहानशीच जागा घेतली. तरीही भिंत मर्यादेबाहेर गेली, कारण बेरीज करण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

स्लॅबच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. आयएस ४५६ : २००० मध्ये सपाट स्लॅबसाठी दिलेल्या तरतुदींनुसार स्तंभालगतच्या पट्ट्यांच्या छेदभागात पट्टीच्या रुंदीच्या एक-अष्टमांशाहून अधिक भाग पोकळीने खंडित करता येत नाही. मधल्या भागात मात्र अधिक मोकळीक आहे. पोकळीमुळे जेवढी सळई तुटते, तेवढीच सळई पोकळीच्या बाजूंना द्यावी लागते. १५० मिलिमीटर अंतरावर सळया असलेल्या स्लॅबमध्ये ३०० मिलिमीटरची चौकोनी पोकळी घेतल्यास प्रत्येक दिशेने साधारणतः दोन सळया तुटतात. पोकळी आधी ठाऊक असेल तर या सळया काँक्रीट घालण्यापूर्वी बाजूंना देता येतात. पोकळी नंतर फोडली गेली तर त्या कायमच्या गमावल्या जातात.

५. इमारत माहिती प्रतिमान : संकल्पना

इमारतीचे वर्णन सुट्या रेखाटनांऐवजी संगणकातील एकाच सुसंगत माहितीसाठ्यात करावे, ही कल्पना अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ च्या सुमारास मांडली. आज बिम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत भिंत ही दोन समांतर रेषांची आकृती नसते. तिची लांबी, जाडी, साहित्य, अग्निरोधक क्षमता आणि इतर घटकांशी असलेला संबंध यांची नोंद असलेली ती एक वस्तू असते. महाराष्ट्रात नागपूर मेट्रो प्रकल्पात महामेट्रोने त्रिमितीय आराखड्यास वेळापत्रक व खर्च जोडणारी पंचमितीय बिम प्रणाली अवलंबिली.

वेगवेगळ्या संगणकप्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी, यासाठी आयएफसी हे खुले स्वरूप विकसित झाले. २०१३ मध्ये त्यास आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. या स्वरूपात पोकळी ही स्वतंत्र वस्तू मानली जाते व तिचे दोन संबंध नोंदविता येतात. पहिला संबंध पोकळी कोणत्या भिंतीस किंवा स्लॅबला छेदते हे सांगतो. दुसरा संबंध त्या पोकळीत दार, खिडकी यांसारखी कोणती वस्तू बसते हे सांगतो. याखेरीज 'पोकळीची तरतूद' असा एक वेगळा प्रकार आहे. त्याने भिंत छेदली जात नाही. येथे अमुक मापाची पोकळी हवी आहे, एवढी मागणी तो नोंदवितो.

मागणी आणि प्रत्यक्ष छेद यांतील हा फरक संपूर्ण समन्वयनाचा पाया आहे. नळाचा मार्ग आखणाऱ्याने भिंत परस्पर छेदावयाची नसते, त्याने मागणी करावयाची असते. भिंतीचा उत्तरदायी जो असेल त्याने ती तपासून छेद द्यावयाचा असतो.

६. समन्वयनाची कार्यपद्धती

ही प्रक्रिया पुढील टप्प्यांनी होते.

(अ) मागणी. सेवा-यंत्रणांच्या प्रतिमानातील नळ व वाहिन्या भिंती आणि स्लॅबना जेथे छेदतात ती ठिकाणे संगणक शोधून काढतो. प्रत्येक ठिकाणी मागणीची वस्तू ठेवली जाते. तिचे माप नळाच्या मापाएवढे नसते. ११० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या सांडपाण्याच्या नळास सर्व बाजूंनी २५ मिलिमीटर मोकळीक द्यावयाची असेल, तर पोकळीचा व्यास १६० मिलिमीटर होतो. नळास उष्णतारोधक आवरण असल्यास त्याची जाडीही मिळवावी लागते. जवळजवळ असलेल्या अनेक नळांसाठी एकच आयताकृती पोकळी घ्यावी की स्वतंत्र छिद्रे ठेवावीत, याचा निर्णयही याच टप्प्यावर होतो.

(आ) छाननी. संरचना अभियंता प्रत्येक मागणी स्वीकारतो, बदल सुचवितो किंवा नाकारतो. आधाराजवळची तुळई, स्तंभालगतचा स्लॅब, भिंतीचा कोपरा आणि लिंटेल पट्टा ही पोकळीसाठी प्रतिकूल ठिकाणे होत. आधीच्या परिच्छेदांतील बेरीज या ठिकाणी होते. भिंतीतील सर्व पोकळ्या एकाच प्रतिमानात असल्याने त्यांचे एकूण प्रमाण तत्काळ काढता येते.

(इ) छेद. मान्य झालेल्या मागणीनुसार भिंत किंवा स्लॅब प्रतिमानात छेदला जातो. मागणीस दिलेला ओळखक्रमांक पोकळीशी जोडून ठेवला जातो, म्हणजे कोणती पोकळी कोणाच्या सांगण्यावरून घेतली हे पुढेही कळते.

(ई) कार्यस्थळ. भिंतीनिहाय व मजलानिहाय पोकळ्यांची रेखाटने व तक्ता काढून तो गवंडी व सळईकामगार यांच्या हाती दिला जातो. स्लॅब भरण्यापूर्वी स्लीव्ह बसविल्या जातात आणि त्यांची मोजणी होते.

(उ) पूर्तता. नळ बसविल्यानंतर उरलेली फट बुजविली जाते. अग्निरोधक भिंतीतील फट तेवढीच अग्निरोधक क्षमता असलेल्या साहित्याने बुजविणे आवश्यक असते. अन्यथा आग व धूर त्या वाटेने पलीकडे जातो.

७. प्रतिमानातील एक दुर्लक्षित उणीव

बिमचा प्रचलित उपयोग म्हणजे टक्करतपासणी होय. नळ भिंतीत घुसत असून तेथे पोकळी नाही, हे संगणक लाल रंगात दाखवितो. तथापि उलट प्रकारची चूक या तपासणीत सापडत नाही. समजा, पोकळी मान्य झाल्यानंतर नळाचा मार्ग १५० मिलिमीटर सरकला. नव्या ठिकाणी टक्कर दिसते, म्हणून तेथे नवी पोकळी घेतली जाते. जुनी पोकळी मात्र तशीच राहते. तिच्यातून काहीच जात नसल्याने टक्कर होत नाही आणि संगणक मौन पाळतो. अशा अनाथ पोकळ्या जमत जातात, भिंतीचे प्रमाण वाढते आणि कार्यस्थळी निष्कारण भोके ठेवली जातात.

म्हणून दोन तपासण्या अनिवार्य ठरतात. नळ आहे पण पोकळी नाही, ही पहिली. पोकळी आहे पण तिच्यातून जाणारे काही नाही, ही दुसरी. दुसरी तपासणी करावयाची तर पोकळी व तिची मागणी करणारी वस्तू यांचा दुवा टिकवावा लागतो. कोणी मागितली, कोणी मान्य केली, केव्हा बदलली, या तीन नोंदींशिवाय कितीही देखणे प्रतिमान अपुरे आहे.

८. धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात उपयोजन

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव असे नामांतर २०२३ मध्ये झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. रुग्णालयासारख्या इमारतीत पाणी, सांडपाणी व वीज यांच्या जोडीला प्राणवायूचे नळ, वातानुकूलन व अग्निशमन यांच्या वाहिन्या असतात. अशा इमारतीचे मोल भूकंपानंतरच्या पहिल्या तासांत सर्वाधिक असते. त्या वेळी इमारत उभी राहिली पाहिजे आणि तिच्यातील नळही शाबूत राहिले पाहिजेत. भिंतीत घट्ट चिणलेला नळ हादऱ्याने तुटू शकतो. योग्य मोकळीक व लवचिक भरण असलेल्या पोकळीत तो वाचण्याची शक्यता अधिक असते. शाळांच्या इमारतींनाही हे तत्त्व लागू आहे.

जिल्ह्यातील बहुसंख्य घरे मात्र स्थानिक गवंडी व लहान कंत्राटदार बांधतात. त्यांच्याकडून बिम प्रणालीची अपेक्षा करणे वास्तवास धरून होणार नाही. तरीही तिचे मर्म साध्या वहीत उतरविता येते. प्रत्येक भिंतीस व स्लॅबला क्रमांक द्यावा. स्लॅब भरण्यापूर्वी प्लंबर व वीज कारागीर यांना एकदा एकत्र बोलवावे. प्रत्येक पोकळीचे ठिकाण, माप, कारण आणि मान्यता देणाऱ्याची सही एका ओळीत लिहावी. भिंतीनिहाय बेरीज करावी. लिंटेल पट्ट्याला व तुळईला हात लावावयाचा नाही, हा नियम सर्वांना सांगावा. या नोंदवहीस संगणक लागत नाही, फक्त काँक्रीट घालण्यापूर्वीचा अर्धा दिवस लागतो.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, पोकळी ही साहित्याचा केवळ अभाव नसून तो एक अभियांत्रिकी निर्णय आहे. त्यास कर्ता, कारण, स्थान व वेळ असते. बिम पद्धतीचे खरे योगदान त्रिमितीय चित्रात नाही. हा निर्णय भिंत उभी राहण्यापूर्वी सर्व संबंधितांसमोर येतो आणि त्याची नोंद राहते, यात ते आहे. मागणी व छेद यांतील भेद, प्रत्येक भिंतीतील पोकळ्यांची बेरीज आणि दुहेरी तपासणी ही तीन सूत्रे पाळल्यास हे योगदान प्रत्यक्षात उतरते.

नळदुर्गच्या बंधाऱ्यात पोकळी दगडाबरोबर आखली गेली. सास्तूर व किल्लारीच्या भिंतींत मात्र जोडणारा दगडच नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच परिसरातील आहेत. साधन संगणक असो वा नोंदवही, भिंतीत काय ठेवावयाचे आणि काय मोकळे सोडावयाचे, हे ती बांधण्यापूर्वी ठरविणे ही या जिल्ह्याच्या बांधकामाची पहिली अट ठरावी.